धरण कुणी फोडलं

"आवडली का, तेवढं सांगा," निर्माते प्यो शेठ म्हणाले.

क्वाक गिल-सू समोरच्या पटकथेच्या कडा उगाचच जुळवत राहिला. त्यानं ती दोनदा वाचली होती.

"बरी आहे. पण पोरासोरांच्या चित्रपटात राजकारण जरा जास्तच झालंय."

"पोरंसोरं बापाला घेऊनच येतात ना? मग बापालाही काहीतरी नको का बघायला?" शेठ खुशीत हसले. "पोरीनं कमाल केलीय, राव!"

पोरगी म्हणजे ओक-सन. 'वीजपंख' लिहिताना गिल-सूच्या गिचमिड कागदांची ती स्वच्छ प्रत करून द्यायची. तो चित्रपट लागला, तेव्हा अख्ख्या सोलमधली पोरं पाठीला चादरी बांधून कौलांवरून उड्या मारत होती आणि छुंगमुरोच्या स्टुडिओंत लोक गिल-सूला कमरेत वाकून नमस्कार करत होते. पुढचे चित्रपट पडले. वाकणारे हळूहळू नुसती मान हलवू लागले, मग तीही हलेनाशी झाली. आता 'वीजपंख'चा दुसरा भाग निघणार होता आणि तो ओक-सननं लिहिला होता.

वाईट लिहिला असता, तर त्यानं मोठ्या मनानं तिला चार गोष्टी शिकवल्या असत्या. पण ती पटकथा चांगली होती. पहिल्या भागात वीजपंख फुटलेल्या धरणाच्या पाण्यातून गाव वाचवतो. प्रसंग रंगावा म्हणून गिल-सूनं ते धरण फोडलं होतं, बस्स. ओक-सननं विचारलं होतं, ते फुटलंच का? तिच्या कथेत वीजपंखाला कळतं, की धरणाचं सिमेंट एका मंत्र्याच्या मेहुण्यानं खाल्लंय आणि तोच मंत्री आता वीजपंखाच्या खांद्यावर हात टाकून गावोगाव फोटो काढून घेतोय.

इतका साधा प्रश्न आपल्याला का सुचला नाही? गिल-सूला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी ओक-सननं त्याला स्टुडिओसमोरच्या कॉफीच्या दुकानात गाठलं. त्याच्यासाठी तिनं अंड्याचा बलक घातलेली कॉफी आधीच मागवून ठेवली होती.

"मास्तर, खरं सांगा. तुमच्या वीजपंखाची मी वाट तर नाही ना लावली?"

"माझा कुठला आता? तुझाच तो."

"असं नका ना बोलू." ती खाली बघत कप फिरवत राहिली. "तुम्हाला एक सांगायचंय. पण पटकथा सरकारकडून मंजूर होऊन आली की सांगेन."

"आत्ता सांगायला काय होतं?"

"आत्ता सांगितलं तर तुम्ही भांडाल माझ्याशी." आणि ती हसली.

तेच हसू त्याला झोंबलं. तिसऱ्या भागाचंही हिनं पक्कं केलं असणार. कदाचित दिग्दर्शनही मिळालं असेल, आणि शेठनं हिच्याकडूनच आपली समजूत घालायची ठरवलं असेल. ती उठून गेली, तरी तो तसाच बसून राहिला. कॉफीवर साय धरली.

कोपऱ्यात मो साहेब वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते कुठल्या खात्यात आहेत हे कुणी विचारत नसे. ते आले, की आजूबाजूच्या टेबलांवर हवापाण्याच्या गप्पा सुरू होत. गिल-सू उठला आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन बसला.

"साहेब, प्यो शेठचा नवा चित्रपट तुमच्याकडे तपासायला येईल. धरणाचा भाग जरा नीट वाचा."

"का? धरणात काय आहे?"

"कल्पनेतलं वाटत नाही. आतलं कुणीतरी बोललंय, त्याशिवाय इतकं बारीक लिहिता येणार नाही."

मो साहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "लिहिलंय कुणी?"

गिल-सूच्या ओठांवर नाव आलं होतं. ते त्यानं गिळलं. नाव घेतलं नाही, म्हणजे आपण काही केलंच नाही, असं त्याला वाटलं.

"ते तुम्हाला कागदांवरून कळेलच," तो म्हणाला.

"बरं केलंत आलात ते." मो साहेब क्षणभर त्याच्याकडे निरखून बघत राहिले. मग त्यांनी त्याच्यासाठी दुसरी कॉफी मागवली. गिल-सूनं ती चवीनं प्यायली.

त्यानंतर ओक-सन दिसली, की तो रस्ता बदलायचा. एकदा तिनं लांबून "मास्तर!" म्हणून हाकही मारली, तो बसमध्ये चढला. मनाची समजूत तयार होती. चित्रपट अडकेल, तिला चार दिवस उलटसुलट विचारतील आणि सोडतील. तरुण आहे, सावरेल. मग शेठला दुसरा भाग नव्यानं लिहायला जाणता माणूस लागेलच.

एके सकाळी मो साहेब दोन माणसांना घेऊन त्याच्या दारात उभे राहिले. बायको घाबरून जवाचा चहा टाकायला आत पळाली.

"घाबरू नकोस गं," गिल-सू तिला म्हणाला. "साक्षीसाठी नेतायत."

त्यानं ठेवणीतला कोट घातला आणि भांग पाडला. मोटारीत त्या दोघांनी त्याला मध्ये बसवलं. टेकडीवरच्या कचेरीचा चढ लागला, तेव्हा त्यानंच विषय काढला.

"साहेब, त्या बाईला फार त्रास देऊ नका. पोरगी तशी गुणी आहे."

"कोण बाई?"

"ओक-सन. जिनं हे लिहिलंय ती."

मो साहेब पुढच्या सीटवरून मागे वळले.

"प्यो शेठही आधी तेच नाव सांगत होते. पण आमच्याकडे आलेल्या पटकथेवर लेखक म्हणून तुमचं एकट्याचं नाव आहे, क्वाक साहेब. तिनं शेठच्या पाया पडून स्वतःचं नाव काढायला लावलं म्हणे, मास्तरांना पुन्हा कामं मिळायला हवीत म्हणून."