सतरा दिवस

साथीत गोव्याची हद्द बंद करून दोडामार्गच्या नाक्यावर बसवलेली श्वास तपासणारी कमान सहा वर्षांनी उतरवली, त्या सकाळी शेवंता गावस पलीकडे डिचोलीला धाकट्या बहिणीकडे, आवडाकडे निघाली. पूर्वी फणसाच्या दिवसांत ती गप्पांच्या नादातच हद्द ओलांडायची; कुणी नावही विचारत नसे.

"एवढ्या बंदीनं साथ थांबली का हो?" तिनं कमानीपाशी उभ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"नाही आजी. तुमच्याकडे सतरा दिवस उशिरा पोचली. पण तेवढ्यात लस आली."

शेवंताचे दोन्ही नातू वाचले होते. पलीकडे आवडाचा एकुलता मुलगा गेला होता.

आवडाच्या ओट्यावर बसून शेवंतानं त्या सतरा दिवसांचं चाचरत सांगितलं.

"तुझी नातवंडां वाचली, बरां झालां गो," तिचा हात धरून आवडा म्हणाली, "पण माझो पोरगो गेलो तेव्हा तू हंय माझ्याकडे होयी होतंस."