एक फोड

संग्रामपूरजवळच्या डोंगरातून गोपाल टोपलीभर पांढरीशुभ्र भूछत्रं घेऊन आला. त्याची बायको छाया हिने मसाला वाटून त्यांची भाजी केली. सासूबाई जेवायला बसल्या, पण त्यांचा हात पुढे होईना.

"रानातली चीज हाये, इखारी असली तं? छाया, आधी तू खाऊन पाह्य."

गोपालने आपलं ताट बाजूला सरकवलं. सासूबाईंनी छायाच्या तळहातावर एक फोड ठेवली. तिने ती गिळली आणि मायलेक तासभर तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"हिले तं काहीच नाही झालं," म्हणत सासूबाईंनी लेकाला पोटभर वाढलं, स्वतःही कढई पुसून खाल्ली. छायासाठी काही उरलंच नाही.

ते विष अंगात भिनायला दहा-बारा तास लागतात. दुसऱ्या दिवशी तिघांनाही उलट्या सुरू झाल्या. पाचव्या दिवशी दवाखान्यात आधी गोपालने प्राण सोडला, मग सासूबाईंनी. छाया तेवढी वाचली.

तेराव्याला सगळ्या सोयऱ्यांसमोर नणंदेने तिचा दंड धरला.



"एकाच कढईतलं तिघांनी खाल्लं, मंग तूच काऊन जित्ती राह्यली वं?"