एकटीची नासपती

"एकच पाठवा," सरलाबाई फोनवर ठासून म्हणाल्या.

"बाई, नासपतीला जोडी लागते," नर्सरीवाला म्हणाला. "जवळ दुसऱ्या जातीचं झाड फुललं, तरच फळ धरतं."

"एकाच्या जागी दोन खपवायची ही युक्ती मला नवी नाही. चार वर्षं मी एकटी राहतेय. झाडही राहील."

बाईंचा आवाज तीस वर्षं गणित शिकवून कमावलेला. भिंतीपलीकडे चिकू उतरवणाऱ्या त्यांच्या दिराने, अमृतने, शब्द न् शब्द ऐकला.

पैज दोन दिवसांपूर्वीच लागली होती. डहाणूजवळच्या नरपडच्या वाडीची वाटणी झाली तेव्हा घर बाईंच्या नवऱ्याकडे, वासुदेवकडे आलं आणि चिकूची झाडं धाकट्या अमृतकडे गेली. घर आणि मधली भिंत यांच्यात आठ फुटांचा पट्टा उरला. वासुदेव संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसत. ते गेल्यावर अमृतने पट्टा मागितला. तो मिळाला असता तर टेम्पो थेट वाडीत गेला असता. आता चिकूचे क्रेट डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यावे लागत. पण वासुदेवांच्या खुर्चीच्या जागेवरून टेम्पो गेलेला बाईंना पाहायचा नव्हता. तिथे मी झाड लावणार, असं त्यांनी अमृतला सांगून टाकलं.

"पण तिथे लावणार काय, वहिनी? चिकूला तीस फूट लागतात."

"खांबासारखी सरळ वाढणारी नासपती असते. दोन फुटांत मावते."

"डहाणूत नासपती?" अमृत मोठ्याने हसला. दारात पाटी टेकून बसलेली मासळीवाली अंबूबाईही हसली. बाईंचं डोकं फिरलं.

"तिसऱ्या होळीपर्यंत फळ धरलं नाही, तर पट्टा तुमचा. धरलं, तर मी मागेन ते द्यायचं. अंबूबाई साक्षीला आहे."

रोप आलं ते काठीसारखं. येणारे-जाणारे विचारायचे, "बाई, या खांबावर दिवा कधी लागणार?" या झाडाला फुलायला थंडी हवी असते असं बाईंनी वाचलं होतं, म्हणून पौषात त्या रोज सकाळी स्कूटरवरून डहाणूच्या बंदरावर जायच्या, मासळीचा बर्फ थर्मोकोलच्या खोक्यात भरून आणायच्या आणि बुंध्याशी पसरायच्या. अख्ख्या गावाला फुकटची करमणूक झाली.

महाशिवरात्रीच्या सुमारास झाडाला पांढऱ्या फुलांचे पाच गुच्छ आले. आठवड्यात सगळे गळाले. कुणी बघू नये म्हणून बाईंनी ती फुलं पहाटेच झाडून काढली. अमृतने मात्र पाहिलं. रिकामी टोपली हातात घेऊन तो भिंतीशी आला, झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि गेला.

पुढच्याच महिन्यात त्याने भिंतीवर बांबू ठोकून दाट हिरवी जाळी चढवली.

"हे काय नवीन?" बाईंनी विचारलं.

"तुमच्या झाडाची पानं माझ्याकडे पडतात."

"मोजून अकरा पानं आहेत त्याला!"

"अकरा असली तरी पडतात ना, वहिनी."

बाईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. माणूस ऊन अडवून झाड मारायला निघालाय, हे न कळण्याइतक्या त्या भोळ्या नव्हत्या. दुसऱ्या वर्षीही फूल आलं तसं गळालं. त्या पावसाळ्यानंतर जाळी आणखी तीन फूट वर गेली.

थंडीत अंबूबाईने बातमी आणली. "बाय, तुझा दीर पण बंदरावरून बर्फ नेतो. रोज दोन खोकी."

अमृतच्या गळ्यात दहा वर्षं तुळशीची माळ. मासळीचा त्याला वासही चालत नसे.

"म्हणजे माळ घालून घरात पापलेटं!" बाई म्हणाल्या आणि आठ दिवसांत त्यांनी हे गावभर केलं. लोक अमृतच्या माळेकडे बघून गालातल्या गालात हसू लागले. देवळातल्या भजनात त्याला मागे बसवलं गेलं. तो मागे बसून टाळ वाजवत राहिला.

तिसऱ्या वर्षी फुलं आली आणि गळली नाहीत.

होळीच्या सकाळी झाडावर वाटाण्याएवढी नऊ फळं होती. अंबूबाईने दोनदा मोजली. बाईंनी अमृतला बोलावून घेतलं आणि त्याला झाडापुढे उभं केलं.

"बघा! कुणाची मदत नाही, कुणाची जोडी नाही. एकटीने केलं मी!"

"केलंत, वहिनी," अमृत म्हणाला. "पट्टा तुमचाच. पुन्हा मागणार नाही."

वाद नाही, कुरकुर नाही. बाईंना ते खटकलं. तीन वर्षं उरावर घेऊन जिंकलेली पैज, समोरच्याने थोडं तरी जळायला नको?

"मग आता माझी मागणी. ही जाळी उतरवा."

"जाळी राहू द्या. दुसरं काहीही मागा."

"का? पापलेटं दिसतील?"

अंबूबाई तोंडाला पदर लावून हसली. अमृतने माळेवरून हात फिरवला. "राहू द्या, वहिनी. हात जोडतो."

राहू द्या म्हटलं की बाई ते कधीच राहू देत नसत. त्यांनी घरातून कोयता आणला, वासुदेवांची खुर्ची भिंतीशी ओढली आणि पदर खोचून वर चढल्या. अमृत एक पाऊल पुढे आला, मग थांबला.

बांबूच्या चार दोऱ्या तुटल्या आणि जाळी खाली आली. पलीकडे भिंतीला लागून, खांबासारखी सरळ, दुसरी नासपती उभी होती, आणि तिच्या बुंध्याशी बर्फाची दोन रिकामी खोकी होती.