मिस लुएलाच्या हाताला बसेल असं

"ओढा, मिस लुएला. जरा जोर लावा," ट्रॉय म्हणाला.

लुएला प्रॅदरने पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली. पहिल्यांदा अंगठा घसरला, पण दुसऱ्या खेपेला स्लाइड सरकली आणि खट्कन जागेवर आली. ट्रॉयने टाळी वाजवायचीच बाकी ठेवली.

"हे घ्या! नाइन एमएम आहे, पर्समध्ये मावेल आणि तुमच्या हाताने चालतंय."

"नको." तिने ते काउंटरवर ठेवलं. "दुसरं दाखव."

हे चौथं. चारही तिला ओढता आली होती आणि चारही तिने नाकारली होती. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या या गावात ट्रॉय हॅच अकरा वर्षं बंदुका विकत होता. हात बघितला की त्या हाताचं पिस्तूल कळतं, अशी त्याची बढाई होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. दुसरं कोणी असतं तर एव्हाना त्याने तोंड वाकडं केलं असतं. पण लहानपणी तो लुएला चालवायची त्या स्कूल बसमधून शाळेत गेला होता आणि वात्रटपणा केला म्हणून तिने त्याला दोनदा खाली उतरवलं होतं. ती भीती अजून पुरती गेली नव्हती, आणि बसमधल्या सगळ्या मुलांसारखं तिला 'मिस' म्हणायची सवयही.

लुएलाने बदलून घ्यायला आणलेलं जुनं रिव्हॉल्व्हर काउंटरवर पडलं होतं.

"याला काय धाड भरलीय?" ट्रॉयने विचारलं. "काही ओढाताण नाही, नुसता चाप दाबायचा. तुमच्या बोटांना यासारखं दुसरं नाही."

"मला ते घरात नकोय."

"पण झालं तरी काय?"

लुएलाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीनच्या आत तिला घरी पोचायचं होतं.

"मंगळवारी सकाळी नाश्त्याची ग्रेव्ही ढवळत होते. वळून बघते तर माझ्यावर नेम धरलेला. म्हणे, कोण तू? इथे काय करतेस?"

"तुमच्याच घरात तुम्हालाच विचारतोय? नशेत असणार मेला!"

"मी हळूहळू बोलत राहिले. बऱ्याच वेळाने त्याने हात खाली घेतला."

"आणि ऑर्व्हिल कुठे होते?"

"ऑर्व्हिल घरातच होता," ती काचेखालच्या पिस्तुलांकडे बघत म्हणाली.

ट्रॉयने जुनं रिव्हॉल्व्हर बाजूला सारलं. तिचा नवरा ऑर्व्हिल तीस वर्षं डेप्युटी शेरीफ, म्हणजे पोलीस अधिकारी होता. त्या माणसाची बायको संकटात होती आणि तो बहुधा घोरत होता, हे बोलून दाखवणं बरं दिसलं नसतं.

"शेरीफला कळवा. परत आला म्हणजे?"

"येणारच आहे तो. मला नीट निवडायला हवं, ट्रॉय. चूक झाली तर मी जिवानिशी जाईन."

ट्रॉयचा जीव कळवळला. तो दुकानभर फिरून आणखी दोन पिस्तुलं घेऊन आला. पर्समधून लुएलाने चामड्याचं एक कव्हर काढलं, घासून घासून काळं पडलेलं.

"यात बसलं पाहिजे. आणि वजन जुन्याइतकंच हवं."

"लोक हलकं मागतात हो!"

"सवयीचं वजन असलं की बरं. खिसा हलका लागला की माणूस चाचपत सुटतो."

"ते मात्र खरं. माझं घरी राहिलं तर मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरतो. पँटच घातली नाही असं वाटतं."

"ठाऊक आहे मला," लुएला म्हणाली.

शेवटी तिचं लक्ष कोपऱ्यातल्या एका छोट्या पिस्तुलाकडे गेलं. जुन्या घडणीचं, अख्खं पोलादी.

"ते थ्री-एटी. तुमच्यासाठी नाही ते," ट्रॉय म्हणाला. "लोकांना वाटतं, गोळी लहान म्हणजे काम सोपं. याचं उलट आहे. स्प्रिंग महाकडक."

लुएलाने ते उचललं आणि ओढलं. मग ओठ आवळून पुन्हा ओढलं. स्लाइड तसूभर हलली नाही. तिची वाकडी बोटं लालबुंद झाली.

"आणि हे ओढलंच नाही तर?"

"ओढल्याशिवाय गोळी नळीत चढत नाही. नळीत आधीपासून गोळी नसेल, तर नुसतं लोखंडाचं ढेकूळ. चाप दाबत बसा."

तिने ते कव्हरमध्ये सरकवलं, तळहातावर तोललं. "हेच दे."

"अहो, तुम्हाला ओढता येत नाहीये! घरात ऑर्व्हिलना तरी जमेल का?"

"त्याचे हात माझ्यासारखेच झालेत. लोणच्याची बाटली उघडायला आम्ही शेजाऱ्याला हाक मारतो."

"म्हणजे घरात हे चालवणारं कोणीच नाही! निदान स्प्रिंग तरी सैल करून देतो."

"हात लावू नकोस त्याला," लुएला म्हणाली. आवाज बसमधलाच होता.

ट्रॉयने फॉर्म भरून घेतला, गिऱ्हाइकाच्या सरकारी चौकशीचा फोन केला आणि हताशपणे पिस्तूल बांधून दिलं. ती गेल्यावर बराच वेळ त्याला चुटपुट लागून राहिली. इतक्या वर्षांत जाणूनबुजून चुकीचं पिस्तूल त्याने कोणाला दिलं नव्हतं.

लुएला घरी पोचली तेव्हा पावणेतीन झाले होते. ऑर्व्हिल दुपारच्या झोपेतून उठायच्या आत तिने ते कव्हर नेहमीच्या जागी ठेवून दिलं. पुढचे दोन दिवस शांततेत गेले.

शनिवारी सकाळी ती ग्रेव्ही ढवळत असताना मागे पावलं वाजली. ती वळली. दारात तो उभा होता आणि ते छोटं पोलादी पिस्तूल आता त्याच्या हातात होतं.

"कोण तू? इथे काय करतेस?"

त्याने चाप दाबला. काही झालं नाही. मग तो स्लाइड ओढू लागला. एकदा, दोनदा, दात आवळून तिसऱ्यांदा. लुएलाने गॅस बारीक केला, त्याची खुर्ची पुढे ओढली आणि डोळे पुसत म्हणाली, "बस, ऑर्व्हिल. नाश्ता तयार आहे."