थोरल्या जावयाचा कॅमेरा

धाकट्या साडूने सायकलच्या हँडलला लावायचा ॲक्शन कॅमेरा घेतला, तेव्हापासून थोरल्याला घास गोड लागेना. आठवड्याच्या आत त्यानेही दुसऱ्या कंपनीचा आणला आणि सासरेबुवांसमोर जाहीर केलं, "एकाच रस्त्याने सायकली काढू. व्हिडिओ बघा, फोटो बघा, मग ठरवा कुणाचा सरस!"

दोघं नदीकाठाने फिरून आले आणि सगळं घर टीव्हीसमोर बसलं. धाकट्याचा व्हिडिओ इतका स्थिर, की रस्त्यातल्या खड्ड्यांचा पत्ताच लागेना. पुलाचे फोटोही झकास. सासरेबुवांनी मान डोलावली, तसा थोरला घाईघाईने म्हणाला, "थांबा हो, माझा तर बघा!"

त्याने कॅमेरा हँडलला उलटा बसवला होता. पडद्यावर ना नदी, ना पूल. अर्धा तास त्याचाच चेहरा. ओठ आवळलेले, नजर पुढे चाललेल्या धाकट्यावर खिळलेली. फोटो काढले, तर तेही चाळीसच्या चाळीस तसेच. त्याची बायको रिमोट शोधू लागली.

धाकटा मात्र पडद्याजवळ सरकला आणि अगदी मनापासून म्हणाला, "हरलो बुवा, साडूभाऊ! माणसाच्या डोळ्यांतलं इतकं स्वच्छ माझ्या कॅमेऱ्याला दिसलंच नसतं."