दोन टँकरची विहीर

विहिरीच्या भिंतीतून घुरघुर ऐकू आली तेव्हा पाहुणे चहाचा पहिला घोट घेत होते.

शांतवनच्या हातातली बशी वाजायला लागली. त्याने ती बायकोकडे दिली, म्हणजे वाजायचीच असेल तर तिच्या हातात वाजेल. एस्तेरच्या हातात ती जास्त वाजली.

पाहुणे शेवगावकडचे, स्टीफन आणि कृपाबाई. त्यांच्या मुलीने, एंजलने, शांतवनच्या मुलाला, नॅथनला, फोटोत पसंत केलं होतं. आता फक्त विहीर पसंत व्हायची राहिली होती. या भागात मुलगी देणारे आधी विहिरीत वाकून बघतात, मग मुलाकडे. म्हणून नॅथनला विहिरीच्या काठावरच उभं केलं होतं. एका खेपेत दोन्ही उरकेल.

फेब्रुवारीत आटलेली विहीर आज सकाळी भरली होती. पहाटे तिच्यात दोन टँकर रिकामे केले होते. पाणी जेमतेम कमरेइतकं. पण वरून बघणाऱ्याला कमरेइतकं काय आणि दोन परस खोल काय, सारखंच दिसतं. विहिरीचा हा मोठा गुण.

घोटाळा एवढाच झाला की ते पाणी पाहुण्यांच्या आधी बजरंगने पाहिलं.

बजरंगची विहीर बांधापलीकडे, हाकेच्या अंतरावर. बांध ओलांडला की बीड जिल्हा. तलाठी वेगळा, आमदार वेगळा, एसटीचा डेपो वेगळा. जमिनीखालच्या पाण्याला मात्र हे कुणी कळवलेलं नव्हतं. शेजाऱ्याला रातोरात पाणी लागलं म्हटल्यावर बजरंगने दुपारच्या आत आडव्या बोअरचं मशीन आणलं, आपल्या विहिरीत उतरवलं आणि शांतवनच्या विहिरीच्या दिशेने भिंतीत भोक पाडायला घेतलं.

"काय वाजतंय?" स्टीफननी विचारलं.

"पान्याला जोर हाय," शांतवन म्हणाला.

"एवढा?"

"झरा जिवंत हाय, काका," नॅथन म्हणाला. त्याचा आवाज सातवीतल्या मुलासारखा चिरकला.

कृपाबाई लांब बाभळीखाली उभ्या होत्या. काठाजवळ यायला त्यांनी आल्या आल्याच नकार दिला होता. "मी न्हाई वाकनार," त्या तिथूनच म्हणाल्या. "थोरलीला दिली त्या गावात टँकर आडात वततेत. घागर वडायला सगळ्या बाया तुटून पडतेत. एक दिवस घागरीबरूबर पोरगीच आत गेली. जगली, पन तवापासनं बोलत न्हाई. धाकटीला मी पानी बघितल्याबिगर द्यायची न्हाई."

"द्यायचीच न्हाई," एस्तेर म्हणाली. तिला काहीतरी दुसरं म्हणायचं होतं.

तिने शांतवनला बाजूला ओढलं. "जावा की. बजरंगभाऊला म्हनावं बंद करा."

"काय सांगू? टँकरचं पानी हाय, नगं चोरू?"

"मग?"

"प्रार्थना कर. लाईट जाऊ दे म्हनावं. रोज जातीय."

एस्तेरने डोळे मिटले. त्या दिवशी लाईट गेली नाही.

घुरघुर पायांना जाणवायला लागली. काठावरचे खडे आपोआप सरकून आत पडू लागले. पाण्यावर वलयं उठत होती, ती मधून नाही, एका बाजूने. मग त्या बाजूला, पाण्याखाली, भिंतीला टेंगूळ आलं. काळं. ते हळूहळू वाढत होतं, पलीकडून कुणी डोकं घालत असल्यासारखं. नॅथन एक पाऊल मागे सरला, मग आपल्याला बघायला आलेत हे आठवून पुढे आला.

टेंगूळ फुटलं.

घुरघुर थांबली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि त्या क्षणात शांतवनने देवाचे आभारही मानले. मग पाणी एका कोपऱ्यात गोल फिरायला लागलं. मोठ्याने चहा ओढावा तसा आवाज करत ते भिंतीत शिरत होतं. ओल्या दगडांची एक ओळ उघडी पडली, मग तिच्याखालची.

बांधापलीकडे आरडाओरडा झाला. नारळ फुटला. "लागलं रं लागलं," बजरंग ओरडत होता. "शांतवनभाऊ, पेढं खायला या."

"काय लागलं त्यांना?" कृपाबाईंनी बाभळीखालून विचारलं.

एस्तेर घाईघाईने त्यांच्यासाठी आणखी चहा घेऊन गेली.

विहिरीच्या तळाशी आता काळा प्लास्टिकचा कागद उघडा पडला होता, शेततळ्यात अंथरतात तो. तळाच्या मुरमात पाणी जिरू नये म्हणून अंथरलेला. कडेने भिंतीवर चढवून, दगड ठेवून चापूनचोपून बसवलेला, एका बाजूला फाटलेला. त्याच्या चुण्यांत थोडं पाणी चमकत होतं.

स्टीफन वाकून बघत राहिले. शांतवनने टोपी काढून हातात घेतली.

"वरनं काय पत्ताच लागत न्हाई," स्टीफन अखेर म्हणाले. आवाज इतका खाली की नॅथनलाही ऐकू गेला नसता. "कागद कुठनं आनला?"

"पाथर्डीतनं."

"शनवारी आमच्या थोरल्या पोराला बघाय पावने यायचेत." त्यांनी एकदा बाभळीकडे पाहिलं आणि सरकून मध्ये उभे राहिले, म्हणजे बायकोला त्यांची पाठच दिसेल. "ह्यो आता तुमच्या कामाचा न्हाई. द्या मला. फाटलाय तिथं आमी डांबर लावू."

शांतवनने मान हलवली. हो की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

"आवो," कृपाबाईंनी हाक मारली. त्या दोन पावलं पुढे आल्या होत्या आणि तिथेच थांबल्या होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. "नीट वाकून बघितलं का? हाय का पानी?"

स्टीफननी मागे वळून पाहिलं नाही.

"लई हाय," ते म्हणाले. "तळ दिसत न्हाई."