अण्णांची गाणी

अण्णांनी डोळे मिटून चादरीवर बोटांनी ताल धरला, तसा त्यांच्या धाकट्या मुलाने स्पीकरचा आवाज किंचित वाढवला. संथ, उदास सूर शुश्रूषागृहाच्या त्या अरुंद खोलीत पसरत गेले.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, की माणूस जन्मभर जे ऐकतो, त्यातूनच बराचसा घडतो. नावं आणि चेहरे पुसले गेले, तरी गाणी मागे उरतात. आवडीची गाणी रोज लावा, अण्णा पुष्कळसे पूर्वीसारखे होतील. धाकट्याने मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी गाणी भरून आणली. निवडताना तो कुठेच अडखळला नाही.

तेव्हापासून कचेरी सुटली, की तो तडक इथे येई. अण्णांची नखं कापी, दाढी करून देई आणि गाणी लावी. गुण हळूहळू येत गेला. सुरुवातीला ताट भिरकावणारे अण्णा आता आयाबाईंना, ‘तुम्ही जेवलात का?’ असं विचारू लागले. परिचारिका तर म्हणाली, की असे वडील मिळायला भाग्य लागतं. धाकटा नुसता हसला.

परवा अण्णांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. “दमलास का रे, बाळ?” तोंड धुण्याचं निमित्त करून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आलाच नाही.

आज परगावची ताई प्रथमच आली. बायको उपाशी ठेवते की काय, असं म्हणत तिने आधी धाकट्याचीच फिरकी घेतली. मग ती खाटेकडे वळली. अण्णांनी तिला ओळखलं नाही. पण पाय आखडून घेत तिला जागा करून दिली आणि लांबून आलीस, टेक जरा, असं मायेने म्हणाले.

ताई बसलीच नाही. ती त्यांच्याकडे पाहत राहिली. मग तिचं लक्ष गाण्याकडे गेलं.

“हे काय लावलंयस?” ती म्हणाली. “अण्णांना कवायतीचे बँड आवडायचे. ही तर तुझी गाणी. हीच ऐकताना सापडलास, म्हणून त्यांनी तुला पट्ट्याने–”

“हळू बोल, ताई,” धाकटा कुजबुजला. “त्यांना आठवेल.”